बकाराम या शब्दाबाबत आणि माझ्या इतर मालमत्तेबाबत

आज दिनांक १६ सप्टेंबर २०२५, मंगळवार. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली आहेत. आतापर्यंत मी ओसरीत बसून दवाखान्याने दिलेला संमतीचा कागद चौथ्यांदा वाचत होतो. शुक्रवारी नागपुरात माझे पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, छोटे आहे. पण भुलीमुळे काय काय होऊ शकते ते सगळे त्या कागदावर छापले आहे. म्हणून तो बाजूला ठेवून हे लिहायला घेतले.

मी, उमेंद्र उदाराम पटले, वय चोवीस, शिक्षण अकरावी अर्धवट, धंदा शेती, राहणार चोरखमारा, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया. हे मी स्वतःच्या अक्षरात, कोणी धाक न दाखवता लिहीत आहे. पोट दुखते, डोके ठिकाणावर आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. वडिलांच्या मागे दीड एकर धानाची जमीन आई देवकाबाई आणि मी अशा दोघांच्या नावावर आहे. त्यातला माझा हिस्सा आईला मिळावा. बँकेत जे असेल तेही तिचेच. तिने ते माझ्या तेरवीवर उडवू नये.

२. मोबाईल आईला द्यावा, पण त्यातला गेम आधी काढून टाकावा. खेळताना बोटांना घालायच्या जाळीच्या टोप्या आणि मोबाईल थंड ठेवायचा छोटा पंखा फेकून द्यावा. या वस्तूंवर आणि गेममधल्या कपड्यांवर मी चार हजार आठशे साठ रुपये घातले. आईला सांगितले होते, युरिया आणला. त्या वर्षी धान पिवळे का पडले, हे ती अजून विचारते.

३. गेममधले माझे खाते गोंदियाच्या टिंकूला द्यावे. खाते दुसऱ्याला देता येत नाही असा कंपनीचा नियम आहे. तो मी वाचला आहे. तरी माझी इच्छा म्हणून लिहितो. माझ्यानंतर गेममधल्या आमच्या टोळीचा कप्तान टिंकू होईल. त्यासाठी पुढची अट आहे, आणि ती समजावी म्हणून थोडे सविस्तर लिहावे लागते.

आमच्या खेळात शब्दांचे अर्थ बाहेरच्यासारखे राहत नाहीत. लूट म्हणजे पडलेले सामान उचलणे, त्यात चोरी नाही. नवीन होतो तेव्हा मी "मेलो, मेलो" असे ओरडलो की आई पिठाच्या हातांनी धावत यायची. नंतर ती यायची बंद झाली. टोळीत नवा मुलगा आला की त्याला दहा शब्द विचारायचे आणि अर्थ बरोबर सांगितले तरच त्याचा माइक उघडायचा, ही पद्धत माझी. शाळेत मला कोणी काही विचारत नव्हते. इथे विचारणारा मी होतो.

दहावा शब्द होता बकाराम.

बकारामकाका नेवारे आमच्या शेजारी राहतात. तलावाचे पाणी सुटले की कोणाच्या शेतात किती गेले ते पाहायचे काम त्यांच्याकडे असते. फावडे टेकून ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तासन्‌तास एका जागी उभे असतात. तीन वर्षांपूर्वी गेममध्ये एक शत्रू उघड्यावर तसाच उभा दिसला आणि मी माइकवर म्हणालो, "अबे, तो पाहा, बकाराम उभा आहे. उडव." सगळे हसले. टिंकूने माझ्या आवाजासकट ती क्लिप नेटवर टाकली.

आधी बकाराम म्हणजे उभा राहणारा. मग सहज मरणारा. मग बिनकामाचा. पुढे "उसको बकाराम कर दिया" असे क्रियापद झाले. बालाघाटचा, रायपूरचा एकेक अनोळखी मुलगा ते बोलू लागला. हे माणसाचे नाव आहे, हे त्यांना ठाऊकही नव्हते. शब्द मी काढला की टिंकूने, यावरून आम्ही तीन महिने अबोला धरला. आता टिंकू म्हणेल तर सगळे श्रेय त्याला द्यायला मी तयार आहे. पण ते खोटे होईल. मीच काढला.

जुलैमध्ये काकांची मुलगी आचल आमच्या अंगणात आली. ती आठवीत आहे.

"दादा, माया बाबाचं नाव तुमच्या गेममंदी काऊन आहे?"

मी म्हणालो, "कंपनीनं ठेवलं असन."

ती परत गेली. शाळेच्या रस्त्यावर मुले तिला "बकाराम की बेटी, खडी रह" म्हणतात, हे मला नंतर कळले. पोळ्यापासून ती शाळेत गेलेली नाही. काका परवा आईला सांगत होते, "पोरीचं रोज सकाळी पोट दुखते. उमेंद्रसारखे खडे तं नसन ना?" मी आतच बसून राहिलो.

अट अशी: कप्तान टिंकूने नव्या मुलांना नऊच शब्द विचारावेत.

४. माझी सायकल आचलला द्यावी.

इथपर्यंत लिहून साक्षीदार शोधायला गेलो. किराणावाले गुलाबचंदसेठ यांनी मजकूर न वाचता सही केली आणि म्हणाले, "खड्यानं कोणी मरते का बे?" मग बकारामकाकांकडे गेलो. काय लिहिले ते न सांगता त्यांची सही घेणे मला बरे वाटले नाही. तिसरे कलम मी त्यांना वाचून दाखवले. वाचताना दोनदा थांबलो.

काकांनी पेन हातात घेतले. मग म्हणाले, "उभा नाही राहू तं काय करू, बाबू? पाणी चढून राहिलं का धुरा फुटून राहिला, ते पाहा लागते."

"हो, काका."

"आचलले हे सांगतलं?"

"नाही."

"मंग तिले सांग. माया तोंडून नाही होत." आणि त्यांनीच तिला हाक मारली.

ती दारात आली. मी सुरुवात केली, पण तिने पुरे होऊ दिले नाही.

"मले माहीत होतं, दादा. त्या क्लिपमंदी तुहाच आवाज आहे. मी विचाराले आली, तवाच माहीत होतं."

मी सायकलीचे सांगितले. ती म्हणाली, "तू मेल्यावर मिळन ते? मले नको. उद्या सकाळी माया संग शाळेच्या रस्त्यानं चल. आन त्या पोरायले माया समोर सांग, का बकाराम म्हंजे कोण."

काकांनी पेन परत दिले. "मी हा कागद घरीच ठेवतो. तू उद्या तिच्या संग जाऊन ये, मंग सही करतो."

मी कागद एवढ्यासाठी मागून आणला आहे की कलम चार रद्द करायचे होते. ते याद्वारे रद्द. लगेच परत नेऊन देईन. उद्या पावणेदहाला निघायचे आहे. त्या मुलांतले तिघे माझ्याच टोळीचे आहेत, त्यांचे माइक मी उघडले आहेत. शुक्रवारपेक्षा मला उद्याची भीती जास्त वाटते.

लिहून देणार: उमेंद्र उदाराम पटले (सही)

साक्षीदार पहिले: गुलाबचंद, किराणा दुकान, चोरखमारा (सही)

साक्षीदार दुसरे: श्री. बकाराम सुखराम नेवारे, पाणी वाटप, चोरखमारा (सही बाकी)

ठिकाण: चोरखमारा. दिनांक १६ सप्टेंबर २०२५, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटे.