माहेरच्या इंजिनाची ओटी

केदारखेडा,
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप रामकिसनमामांना प्रियदर्शनीचा वाकून नमस्कार. (दोन दिवसांपासून ट्रॅक्टरपुढे वाकलेलीच आहे, त्यामुळे नमस्कारासाठी वेगळं वाकावं लागलं नाही, पण भावना खरी आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? सुरेखामामींचा खोकला थांबला का? इकडे बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला अकरा दिवस झाले. काळा चष्मा लावून ते दिवसभर खाटेवर बसतात आणि नुसत्या आवाजावरून माझ्या चुका काढतात. आई बरी आहे. बरं नाही ते फक्त तुम्ही दिलेलं इंजिन.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही "हां, बोल" म्हणता आणि मग पुढचं सगळं तुम्हीच बोलता. बुधवारी तसंच झालं. "इंजिन बसवलं, पण त्याला डिझेल पोचत नाही," एवढंच मी म्हणाले, तर तुम्ही लगेच कचरू मिस्त्रींच्या हातात फोन दिला. त्यांनी तुमच्या धावड्यात बसून केदारखेड्याच्या इंजिनाची नाडी पाहिली आणि "डिझेल पंप बाद हाय, खोलू बी नका," असा निकाल दिला. त्यावर तुमचा हुकूम आला: "सोमवारपर्यंत चालू झालं न्हाई, तर ट्रॅक्टर भंगारात अन् तू जालन्याला बियाण्याच्या हापिसात. मी शब्द टाकलाय. मला इंजनाची फिकीर न्हाई पोरी, तुझी हाय." तुमची फिकीर मला कळते, मामा. पण पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे.

तेव्हा आधी स्पष्ट लिहिते, की मी सोमवारी हापिसात जाणार नाही. (हे वाक्य उद्धट वाटू नये म्हणून तीनदा बदलून पाहिलं. याहून नम्र होत नाही.) टेबलाशी बसून पिशव्यांचे नंबर उतरवायचं काम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण गावातल्या मीनाताईंच्या तीन एकरांत हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर मारून देईन, असा शब्द मीही टाकला आहे. शब्द काय फक्त मामालाच टाकता येतो?

आता घडलेलं क्रमाने सांगते. आमच्या इंजिनाचा ब्लॉक फुटला, तुमच्या जुन्या ट्रॅक्टरचं धूड सडलेलं पण इंजिन धडधाकट, आणि दोन्ही ट्रॅक्टर एकाच जातीचे. म्हणून तुम्ही मोठ्या मनाने इंजिन दिलंत, हे आम्ही विसरलेलो नाही. ते कचरूभाऊंनी सोडवलं आणि तुमच्या अंगणात ट्रॉलीवर ठेवलं, तेव्हा मामींनी त्याची ओटी भरली, हेही विसरलेलो नाही. खण, नारळ आणि हळद लावलेले पसाभर तांदूळ. नणंदेच्या घरी निघालेलं इंजिन रिकाम्या ओटीने कसं पाठवायचं, असं मामी म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ट्रॉलीवर बसलेल्या मलाही भरून आलं. (माझ्या हातात तेव्हा मोकळ्या नटांचा डबा होता, रडतारडता तो सांडला नाही, याची नोंद घ्यावी.)

इथे आल्यावर लिंबाच्या झाडाला साखळी बांधून जुनं उतरवलं, नवं चढवलं. बाबा खाटेवरून सांगत होते, मी करत होते. मला हे काही कॉलेजात शिकवलेलं नाही. शाळेत जायच्या आधी मी अंक शिकले ते बाबांच्या पान्यांवरून: दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. पहिलीत गुरुजींनी दहानंतर काय विचारलं, तर मी म्हणाले, दहानंतर काही नाही, दहा आणि अकरा एकाच दांडीला असतात. गुरुजींनी बाबांना शाळेत बोलावलं आणि बोलणं संपल्यावर स्वतःची लूना दुरुस्त करून घेतली.

तर इंजिन बसलं, आणि डिझेल काही येईना. टाकीतलं डिझेल ओढायला इंजिनावर अंगठ्याने दाबायचा छोटा हातपंप असतो, तो मारते आहे, मारते आहे, काही नाही. मी तीनशे चाळीस वेळा मारला. (मोजत होते. न मोजता कोणतंही काम केलं की मला रात्री वाटत राहतं, एखादं राहिलं.) अंगठ्याला फोड आला. शेजारच्या गिरिजाबाई भाकरी थापायच्या सोडून बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, नवी सून हाय ती. पैल्या दिशी कुठं पोटभर खाती? आठवण येत आसंल माहेरची." मग त्यांनी इंजिनाची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. बाबा खाटेवरून म्हणाले, "मिठाचा खडा पंपात पाडू नका, वहिनी." गिरिजाबाईंना राग आला. आईला बाबांचा राग आला. डिझेल तेवढं आलं नाही.

तुमचं म्हणणं ऐकायचं तर मी तिथेच पाना खाली ठेवायला हवा होता. तुम्ही मोठे, कचरूभाऊ त्याहून अनुभवी, आणि "खोलू नका" म्हटलेलं खोलायचं म्हणजे मला देवाचं सोवळं मोडल्यासारखं होतं. रात्रभर तळमळले. पण बाबांनी एकच गोष्ट शिकवली आहे: डिझेल कुठपर्यंत आलं, तेवढंच विचारत जायचं, का आलं नाही, हे मागून आपोआप कळतं. काल सकाळपासून विचारत निघाले. टाकीत आहे का? आहे. टाकीच्या तोटीतून पडतं का? बदाबदा पडतं. पुढच्या नळीतून? पडतं. मग हातपंपाला जी आखूड नळी तुमच्याकडून इंजिनासोबत तशीच आली, तिच्यापुढे? थेंब नाही. म्हणजे कचरूभाऊंनी ज्या डिझेल पंपाला बाद ठरवलं, त्याच्या दारापर्यंत बिचारं डिझेल गेलेलंच नव्हतं. न जेवलेल्या पाहुण्याला अपचन झालं म्हणायचं, तसं झालं हे.

नळीच्या टोकाला आतून पोकळ असलेला एक बोल्ट असतो. मी मनातल्या मनात तुमची क्षमा मागितली आणि तो खोलला. आत काय असेल मामा? चार तांदूळ. हळदीचे. अगदी शहाण्यासारखे भोकात एकमेकांना टेकून बसलेले.

आता हे लिहावं की नाही, यावर काल संध्याकाळ गेली. (हा भाग मामींसमोर मोठ्याने वाचू नये.) मामींचा यात काडीचा दोष नाही. ओटी भरायची ती त्यांनी भरली. पण इंजिन सोडवल्यावर नळीचं उघडं तोंड चिंधीने बंद करायचं असतं, हे मला नवव्या वर्षी माहीत होतं. कचरूभाऊंनी ते आभाळाकडे उघडं ठेवलं. मग ओटीतलं तिथे नाही तर कुठे जाणार? नवा पंप घ्या म्हणणं सोपं आहे. चिंधी कोंबायला आळस का, एवढंच त्यांना माझ्यातर्फे विचारा. आदराने विचारा, पण विचारा. तांदूळ वाटीत ठेवले आहेत. अक्षता म्हणून टाकवत नाहीत आणि डिझेलात भिजलेले म्हणून तुळशीपाशीही ठेवता येत नाहीत.

बोल्ट धुऊन बसवला, हातपंप मारला, आणि एकविसाव्या दणक्याला फिल्टरच्या हवा काढायच्या स्क्रूतून फसफस फेस आला. मग फेस थांबला आणि स्वच्छ धार लागली. पुढे डिझेल पंपाच्या स्क्रूलाही तशीच धार. बाबांनी नुसत्या आवाजावरून "आलं!" म्हटलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. (डॉक्टरांनी पुसायला मनाई केलेली आहे. मी ओरडले.) तेव्हा पंप बाद नाही, ट्रॅक्टर भंगार नाही, आणि तुमची भाचीही नाही. हापिसातल्या साहेबांना तसं कळवावं.

तुमची सोमवार सोडून बाकी सगळे दिवस आज्ञाधारक असलेली भाची,
प्रियदर्शनी

ता. क. मामी, मामांचा चष्मा तुमच्या ताब्यात असतो हे मी विसरले. तुम्हीच वाचत असाल, तर कंसातलं मनावर घेऊ नका. खण फार सुंदर आहे.

ता. क. २. कचरूभाऊंना पाठवू नये. ते आले तर मी चहा देईन, पान्याला हात लावू देणार नाही.

ता. क. ३. पत्र पुन्हा वाचताना लक्षात आलं, की इंजिन चालू झालं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. खोटं लिहायचं नव्हतं म्हणून आपोआप टाळलं गेलं असावं. डिझेल पंपापर्यंत आलं आहे, हे खरं. तिथून पुढे ते हाताने ढकलता येत नाही. चावी मारून इंजिन फिरवावं लागतं. चावी मी कालपासून मारलेली नाही. बाबा दर तासाला "मार" म्हणतात, मी "नट तपासते" म्हणते. सगळे नट तीनदा तपासून झाले. मारली आणि नाही चालू झालं, तर सोमवार आलाच. आई समोर उभी राहिली की देवाचं नाव घेते आणि माझा हात कापतो. बाबा आशेने बघतात, तेव्हा तर जास्तच. तुम्ही बघता, तेव्हा मात्र मला राग येतो, आणि राग आला की माझा हात बिलकुल कापत नाही. म्हणून हे पत्र आज संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे; रविवारी सकाळच्या गाडीने या. कृपा करून इंजिनापाशी उभे राहा आणि नेहमीसारखं मला लागेल असं काहीतरी बोला. तेवढ्यात मी चावी मारते.