साफ काठ

मंगळवार, फेब्रुवारी. छावणी.

आज गोदावरीच्या काठावर पाणमांजरांची पाहणी केली. पाणी भरपूर, मासे भरपूर, पण पाणमांजर एकही नाही. एका सपाट दगडावर तेवढी त्यांची जुनी विष्ठा सापडली, वाळून पांढरी पडलेली, माशांच्या खवल्यांनी भरलेली.

मेंढ्यांना पाणी पाजायला आलेल्या हौसामावशींना विचारलं, कुठं गेली सगळी? त्या म्हणाल्या, "पाणी लई हाय, पर आडोसा कुठंय? ह्या दगडामागं लव्हाळ्यात पिल्लं निजायची. मागल्या साली मशिन लावून समदं साफ केलं कुणीतरी."

कुणीतरी. काठ देखणा दिसावा म्हणून त्या साफसफाईचा प्रस्ताव मीच लिहिला होता. झाल्यावर तिथं उभी राहून फोटोही काढून घेतला होता. मावशींना सांगावंसं वाटलं, पण मी खाली वाकून ती विष्ठा बोटांनी चुरून पाहिली.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. छावणीवर येऊन जेवले, भांडी घासली. हाताला त्या खवल्यांचा वास येतोय की काय, म्हणून दोनदा हुंगून पाहिलं. इतक्या वाळलेल्याला कसला वास?

मग पाहणीचा फॉर्म भरायला घेतला. काठाची स्थिती? हात आपोआप चालला. साफ.