बाबांची न बांधलेली होडी

बाबा, माझी पत्रं शेजारचे मास्तर तुम्हाला वाचून दाखवायचे. त्यामुळे त्यांच्या तोंडून ऐकवेल एवढंच मी लिहायचो. हे तसलं नाही.

मी तेव्हा मुंबईला लोकसंख्याशास्त्र शिकत होतो. स्वातंत्र्यानंतरची पहिली जनगणना होऊन गेली होती आणि आम्ही मुलं तिच्या आकड्यांत बुडालो होतो. मे महिन्यात घरी मालवणला आलो, तर अंगणात फणसाच्या फळ्या रचलेल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या होडीवर गेलात, आता स्वतःची बांधायची असं तुम्ही ठरवलं होतं. कट्टा गावाहून लाकूड आलं तेव्हा बैलगाडीच्या पुढे तुम्ही वरातीसारखे चालत होतात, असं आई हसत सांगत होती.

दुपारी आपण स्वयंपाकघरात जेवायला बसलो आहोत. आईने बांगड्याचं तिकलं केलंय.

“तू थंय शिकतंस काय, ता सांग तरी,” तुम्ही म्हणता. मी सांगतो.

“म्हणजे माणूस किती वर्सा जगता, ता तुमका कळता?”

“सरासरी कळते,” मी म्हणतो, तेही आपल्या घरात कुणी बोलत नाही अशा पुस्तकी मराठीत, आणि देशाचा आकडा सांगतो: बत्तीस.

भात कालवता कालवता तुमचा हात थांबतो. “मगे मी तर कधीच फुडे इलंय.”

“हो. तुम्ही सरासरी केव्हाच ओलांडलीत.”

तुम्ही चाळिशीच्या थोडे पुढे होतात. हात धुऊन अंगणात गेलात.

चतुर्थीला परत आलो तेव्हा फळ्या नव्हत्या.

“लाकूड इकला तेनी,” आई म्हणाली. “अर्धी होडी टाकून मी गेलंय तर तुका कोण बगतलो, म्हणाक लागले. तूच सांगलंस ना रे तेंका, दीस सरले म्हणान?”

बाबा, तो आकडा लहान होता तो तान्ह्या मुलांच्या मरणामुळे. जो बालपणातून वाचला, त्याच्यापुढे अजून बरीच वर्षं असायची. आमच्या विषयाच्या पहिल्या धड्यातच हे शिकवतात. माझ्याआधीची तुमची दोन लेकरं पाळण्यातच गेली. तो आकडा खाली ओढला होता तो त्यांच्यासारख्यांनी. त्यांचं मरण मी तुमच्या नावावर टाकलं.

त्याच संध्याकाळी किनाऱ्यावर तुम्ही कुणाचं तरी जाळं सांधत होतात. मी जवळ बसलो. “बाबा, ता तसा नसता...”

“तू शिकलेलो,” तुम्ही वर न बघता म्हणालात. “तू काय खोटा सांगतलंस?”

लाकूड परत येणार नव्हतं. आता चूक सांगितली तर आपण फुकट विकलं हे तुम्हाला उरलेला जन्म सलणार, असं मी स्वतःला समजावलं आणि तिथून उठलो.

तुम्ही दुसऱ्यांच्याच होडीवर जात राहिलात. मी प्राध्यापक झालो. दर सुट्टीला एस.टी.तून उतरलो की चारचौघांत तुम्ही मोठ्याने म्हणायचात, “अजून आसंय रे, तुज्या हिशोबाभायर!” लोक हसायचे, मीही हसायचो. शेजाऱ्यांच्या नव्या होडीला नारळ फुटायचा, तेव्हा तुम्ही तिच्या फळ्यांवरून हात फिरवत सुताराला एकेका सांध्याबद्दल विचारत राहायचात. साठचं दशक संपता संपता तुम्ही अंथरुणात वारलात. तोवर एक होडी बांधून, वापरून, जुनीही झाली असती.

तो धडा मी पुढे वर्षानुवर्षं शिकवला. वर्गातल्या शेवटच्या मुलाला कळेपर्यंत पुढे जायचो नाही. एवढ्या सोप्या गोष्टीला सर इतका वेळ का घेतात, असं मुलं आपसात म्हणायची.

तुमच्या मागे एकदा मी आईला आकड्याचं खरं काय ते सांगितलं, तेव्हा तिने विचारलं होतं, की हे तू तेव्हाच का सांगितलं नाहीस. लक्षात आलं नाही, म्हणालो. लक्षात आलं होतं, बाबा. तुमचा हात थांबला तेव्हाच आलं होतं. पण माझ्यापुढे तुम्हाला उत्तर सुचलं नाही असं त्या दिवशी पहिल्यांदाच घडत होतं. मला ते आवडलं, म्हणून मी जेवत राहिलो.