गुरुवारी डॉल्फिन

२ जानेवारी, गुरुवार
बुद्धवंदना झाली. नव्या वर्षाचा संकल्प: रश्मीच्या कशातही नाक खुपसायचं नाही. सून आयटीतली, तिला मोकळीक लागते, एवढं मला दहावीच्या शिक्षणावरही कळतं. आज फक्त तिचा डबा उघडून पाहिला. झाकण नीट लागलं नव्हतं.
जेवताना भूषणने सांगितलं, रावेतला भाड्याने फ्लॅट बघितलाय, दोघांपुरता. रश्मी म्हणाली, महिनाअखेर कळवायचंय, पण आई, तुमचं मन मोडून नाही जायचं मला. तुम्ही हो म्हणालात तरच जाऊ.
म्हणजे प्रश्नच मिटला. मी हो म्हणणार नाही.

७ जानेवारी, मंगळवार
पण नुसतं नाही म्हटलं की सासू वाईट. तिनेच म्हणायला हवं, इथेच बरं. त्यासाठी ट्रिप काढायची. रश्मीला लग्नाआधीपासून डॉल्फिन बघायचेत. दापोलीजवळ मुरूडला छोट्या बोटीतून दाखवतात. चौघं एका बोटीत बसलो की रावेत विसरेल.
गुरुवार, २३ तारीख ठरवली. भोसरी-चाकणच्या कंपन्या गुरुवारी बंद. हे कामाला लागले तेव्हापासून आमच्या घरात सुट्टी म्हणजे गुरुवार, भूषणचंही तेच. रश्मी म्हणाली, आई, माझी सुट्टी शनिवार-रविवार. म्हटलं, घे की रजा. तोंड उतरलं तिचं. ऊन लागलं असेल.
शेजारच्या शालनबाईंना राहवलं नाही. म्हणे, प्रभावती, तू काळेवाडीच्या पुलावर रिक्षात डोळे मिटतेस, समुद्रात काय करशील? सांगितलं, पुलावर धूळ असते.

१५ जानेवारी, बुधवार
तयारी म्हणून मोबाईलवर डॉल्फिनचा व्हिडिओ लावला. बोट फार हलत होती, लगेच बंद केला. हे म्हणाले, घाबरलीस. ह्यांना नेट पॅकचे भाव माहीत नाहीत.

२२ जानेवारी, बुधवार. मुरूड
ताम्हिणीतून आलो. जेवण घरूनच आणलं: चपात्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी. रश्मीला सुरमईची थाळी खायची होती. म्हटलं, मासे उद्या बघायचेच आहेत. संध्याकाळी ती दोघं किनाऱ्यावर फिरायला निघाली. एकटं वाटू नये म्हणून मीही गेले.

२३ जानेवारी, गुरुवार. सकाळी, वाळूत बसून
घोळ झालाय. बोटवाला चिमाजी म्हणतो, वैनी, धा माणसं झाल्याशिवाय बोट सुटत नाय. शनवार-रैवारी यायचं, लाइन असते. आज आम्ही चौघंच. मी विचारलं, मग गुरुवारी लोक जातात कुठे? म्हणाला, कामावर.
अजून कोणी नाही. चिमाजी सारखा आभाळाकडे बघतो. म्हणे, ऊन चढलं की डॉल्फिन आत जातात, मग माझ्या नावानं ओरडू नका. रश्मी भूषणकडे बघते, भूषण वाळूकडे. मनात पंचशील दोनदा म्हणून झालं.
नाशिकचे सहा जण आले. आता बोट सुटणार. जवळून फारच लहान दिसते. लाइफ जॅकेट फुकट आहे, दोन घेतली, एकावर एक.

तोच दिवस, दुपारी खोलीवर
फेरी उत्तम झाली. भीती अजिबात वाटली नाही. बोट सुटताच मी आनापान सुरू केलं. डोळे मिटून श्वासावर लक्ष. रश्मीचा दंड धरला, तिला आधार म्हणून. चिमाजी ओरडला, ते कुरव बघा, पक्षी घिरट्या घालतायत तिथे मासळी, मासळी तिथे डॉल्फिन. मग त्याने इंजिन बंद केलं. बोट नुसती डुलायला लागली. अगदी जवळ पाण्यात फुस्स झालं, सगळे एकाच बाजूला सरकले, बोट कलली. माझं ध्यान फार खोल गेलं.
रश्मी कानाशी हळूहळू काहीतरी सांगत होती. बराच वेळ. ध्यानात शब्द पोचत नाहीत. मी आपली मान हलवत राहिले. तिने एकदम मिठी मारली, दोन्ही जॅकेटांसकट. डोळे भरले होते म्हणे. तिला एकत्र राहण्याचं महत्त्व पटलं.
तिच्या दंडावर माझी बोटं उमटलीत. खोबरेल लावलं.

२५ जानेवारी, शनिवार
शालनबाईंना सांगितलं, डॉल्फिन दिसले. खोटं न बोलण्याचं चौथं शील मोडलं नाही. कोणाला दिसले, ते त्यांनी विचारलं नाही. रंग विचारला. म्हटलं, पाण्यासारखाच. आता सगळ्या जिन्यात पसरलंय, प्रभावती भर समुद्रात घाबरली नाही.
रश्मी गुणगुणत कपाट आवरते आहे. इथेच राहायचं म्हणून जुनं काढत असणार. मी पिशव्या दिल्या. हे सारखे विचारतात, तुला खरंच चालतंय ना? न चालायला काय झालं, सगळं माझ्या मनासारखं झालंय.

१ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी दारात टेम्पो. वाटलं, वरच्या मजल्यावरचं कोणी चाललंय. कपाट आमचंच उतरलं.
रश्मी पाया पडली. म्हणाली, आई, बोटीत रावेतचं विचारलं ते घाबरतच. वाटलं, नाहीच म्हणाल. तुम्ही तर एकसारखी मान हलवत होतात, चेहरा किती शांत. मी भूषणला म्हटलं, डॉल्फिन राहू देत, आईंकडे बघ.
ऐकलं नव्हतं म्हणावं, तर का नाही ऐकलं तेही सांगावं लागणार. जिन्यात शालनबाई उभ्या. कान इकडेच.
मी म्हटलं, हो गं, मनापासून म्हणाले मी.
चौथं शील आज मोडलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सुट्टीचा वार, भूषण येणारच. चौघांचं मटण टाकलं. वाट बघून शेवटी फोन केला. म्हणाला, आई, आज ड्युटी आहे, नवी कंपनी, आता रविवारी सुट्टी. रश्मीलाही तेव्हाच असते ना. बोटीत सांगितलं की तिने तुला, तू मान पण हलवलीस.
दोघंच जेवलो. उरलेलं मटण फ्रीजमध्ये.
हे म्हणतात, आपणच रविवारी जाऊ रावेतला. रिक्षा काळेवाडीच्या पुलावरूनच जाईल. ह्या वेळी डोळे उघडे ठेवायचे, असा संकल्प केला आहे. धूळ नसली तर.