ओट्याखालची जुनी लाइन

२ डिसेंबर, जळकोट
आलो एकदाचे! बिलोलीच्या भाड्याच्या दोन खोल्या सुटल्या, स्वतःचं घर झालं. माझा नवरा अश्वजित शिकवतो ती शाळा चालत जाण्यासारखी, मी नर्स आहे तो दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. आवाज घुमतो म्हणून चार वर्षांची आमची धम्मप्रिया रिकाम्या खोल्यांतून ओरडत पळतेय. उद्या किचनची कपाटं बसवायला उदगीरचे मल्लिकार्जुन मिस्त्री येणार.

३ डिसेंबर
ओट्याखाली भिंतीत जुना करडा प्लास्टिकचा पाइप निघाला. टाकीला जोडलेला नाही, दुसरं टोक कुठं जातं तेही कळेना. मिस्त्री म्हणाले, "मनिषाताई, काढूनच टाका. लई जुना हाय, बोट दाबलं तरी तडकायलाय. मागून गळला तर समदं खोलावं लागंल." भिंत फोडायची म्हणजे आणखी आठ दिवस पसारा. मी म्हटलं, पाणी ओतून बघा, गळत नसेल तर टोपण लावा. तीन बादल्या ओतल्या. थेंब गळला नाही. पाणी दुसरीकडून बाहेरही आलं नाही. टोपण लावलं, पुढे कपाट बसवलं.

७ डिसेंबर
किचन सुरेख दिसतंय. फक्त सकाळी भरलेला माठ दुपारी अर्धा असतो, आणि खाली ओल नाही. मळून झाकलेल्या कणकेला तासाभरात भेगा पडतात. तिघांचेही ओठ फुटलेत. थंडीमुळे असेल.

१० डिसेंबर
कस्तुराबाई आल्या होत्या. घर त्यांच्याकडूनच घेतलंय. पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी घेतला नाही. कपाटाकडं बघत म्हणाल्या, "पाणी दाखवलंस का गं त्या लाइनीला?" मी हो म्हटलं, तशा कपाटापासून मागं सरकल्या. दुष्काळाच्या साली नळ बंद झाले, तेव्हापासून लाइन कोरडी होती. पुढं त्यांच्या मालकांनी, शेषेरावांनी, एकदा तिच्यात पाणी सोडलं. पंधरा दिवसांत गेले. डॉक्टरांनी ऊन लागल्याचं सांगितलं. "पौष चालू होता, बाई."

११ डिसेंबर
मिस्त्रींना बोलावून कपाट काढलं. टोपण उघडलं. आत नुसती धूळ. त्यांनी पाइपच्या तोंडावर तळहात ठेवला, तो चिकटला. अश्वजितनं ओढून सोडवला. कातडी सोललेली, हात वाळलेल्या शेंगेसारखा. रक्त नाही. थेंबभरही नाही.
दुपारी घर सोडलं.

१३ डिसेंबर, लातूर
धम्मप्रिया रडते, डोळ्यांत पाणी येत नाही. कालपासून लघवी नाही. इथल्या दवाखान्यात चार सलाइन झाल्या. इतकी वर्षं सुया टोचतेय मी, माझ्या लेकीची शीर मला सापडत नाही.
मिस्त्रींच्या भावाचा फोन होता. पहाटे गेले. पाणी, पाणी करत.

१४ डिसेंबर
मिस्त्री काढा म्हणत होते. ओता मी म्हटलं. मीच.
अश्वजित पाइप फोडायला जळकोटला गेला. चार वाजता मी लावलेला फोन उचलला गेला — नुसता काहीतरी शोषून घेतल्याचा आवाज —

१५ डिसेंबर
धम्मप्रिया आता रडतही नाही. हाक मारली की ओठ हलतात. चमच्यानं पाणी — तोंडापर्यंत नेईतो चमचा कोरडा. दुसरा — कोरडा —
माझी जीभ तिच्या ओठांना लावली, तेवढी तरी ओल — पण माझ्याही तोंडात