तळ दिसणारी विहीर

रविवार, २० एप्रिल २०२५

आज बिबवेवाडीत आलो. कारंज्याहून निघताना वाटलं होतं, पुण्यात एका खोलीत कोंबून राहावं लागेल. पण यांचे थोरले बंधू रावसाहेबभावोजी यांनी दोन खोल्या, पुढे ओटा आणि मागच्या अंगणात चक्क विहीर असलेलं घर राहायला दिलं. यांची कंपनीतली नोकरीही त्यांनीच लावली. स्वतः ते गल्लीच्या टोकाला नव्या इमारतीत राहतात. पाण्याचे टँकर पुरवतात, ते याच विहिरीवर भरतात. आल्या आल्या देव मांडले. पाणी इतकं नितळ की वीस हात खाली तळ दिसतो, काळाभोर, फरशी घातल्यासारखा. गावाकडे पाण्यासाठी पहाटे चारला उठावं लागायचं. इथे पंप लावला की नळाला येतं, एक जपमाळ होईपर्यंत हंडा भरतो. देवाने मागितल्यापेक्षा जास्त दिलं.

बुधवार, २३ एप्रिल

शेजारच्या दुर्गाबाई ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, तुमचे भावोजी संक्रांतीला तिळगूळसुद्धा मोजून देतात, त्यांनी अख्खं घर दिलं म्हणजे घराचंच काहीतरी बिघडलेलं असणार. इथल्या लोकांचं बोलणं असंच, टोचून. मी हसून चहा ठेवला. विहिरीच्या पाण्याचा म्हटल्यावर त्यांनी कप तसाच खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वी म्हणे यात मासे होते, बेडूक होते, पावसाळ्यात ओरडून झोपू द्यायचे नाहीत. मी म्हटलं, गेले ते बरंच झालं की, पाणी स्वच्छ राहिलं.

हे मात्र घरचं पाणी पीत नाहीत. पोटाला बाधतं म्हणतात, कंपनीतून बाटल्या भरून आणतात. मला तसलं चालत नाही. देवाचं आणि माझं पाणी सोवळ्यात भरलेलं, विहिरीचंच. हे त्यावरून हसतात, पण कधी आडवे आले नाहीत.

सोमवार, २८ एप्रिल

वैशाख लागला. महादेवाच्या पिंडीवर गळती लावली. तिवईवर तांब्याचं भांडं, त्याच्या बुडाला बारीक भोक, महिनाभर थेंब थेंब पाणी पडत राहतं, देवाला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून. ताम्हनात जमेल ते तीर्थ पाण्याच्या घागरीत मिसळून संध्याकाळी बायकांना द्यायचं, ही माझ्या माहेरची पद्धत. भावोजींना आवडेल की नाही याची धास्ती होती, तर त्यांनीच घरोघर सांगितलं, आमच्या बद्रीनाथची बायको फार सोवळ्याची आहे, तिच्या हातचं तीर्थ चुकवू नका. सतरा जणी आल्या. कळश्या भरून नेल्या. घरच्या टाकीत ओतणार आहेत. अगदी भरून आलं.

शनिवार, ३ मे

सकाळी गळती थांबलेली. भांडं भरलेलं, भोक बुजलेलं. दर्भाची काडी घातली तर आत जाईना. उलटं करून पाहिलं, बाजरीच्या दाण्याएवढा काळा शिंपला. केसासारख्या धाग्यांनी तांब्याला धरून बसला होता. जीव आहे, मारवेना. अलगद सोडवून विहिरीत सोडून आले.

हंड्याला आज तीन माळा लागल्या. नळवाल्याला बोलवा म्हटलं. हे म्हणाले, दादाशी बोलतो.

गुरुवार, ८ मे, एकादशी

उपास. दिवसभर नुसतं पाणी. गिळताना घशात टोचतं, जप करताना आवाज खरखरतो. पिंडीवर सात शिंपले आहेत. ओल्या फडक्याने पुसले, निघत नाहीत. देवाने स्वतः ठेवून घेतले असतील तर काढणारी मी कोण, असं म्हणून वर बेल वाहिला.

हंडा अकरा माळांनी भरला. विहिरीचा तळ वर आल्यासारखा दिसतो. उन्हाने पाणी आटलं म्हणावं तर पाणी आहे तिथेच आहे.

रविवार, ११ मे

दुर्गाबाई सांगून गेल्या, गल्लीत नऊ घरांचे नळ बंद पडलेत. दुपारी मी दोर बांधून बादली विहिरीत सोडली. तळाला टेकली नाही. तळ बाजूला सरकला. ओढून वर घेतली तर बुडाला शेकडो. उजेड लागताच सगळे एकदम मिटले — दात मिटल्यासारखा आवाज. ती फरशी नव्हती.

मंगळवार, १३ मे

गॅससाठी आधार कार्ड हवं होतं, म्हणून यांची फाईल काढली. नोकरीच्या कागदांखाली पाणी तपासणाऱ्यांचा कागद, जानेवारीतला. विहिरीत बाहेरून आलेले शिंपले आहेत, वापरलेला जुना पंप आणला त्याच्या पाइपातून आले असावेत. पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यातलं बाकी सगळं तेच खातात, म्हणून पाणी नितळ होतं. हे पाणी पिऊ नये, कोणत्याही टाकीत मिसळू नये, तांब्याभरसुद्धा बाहेर नेऊ नये. खाली भावोजींची सही. साक्षीदार म्हणून यांची. जानेवारीत हे नोकरी बघायला म्हणून पुण्याला आले होते.

सतरा घरं. माझ्या हातून.

बुधवार, १४ मे

आवाज फुटेना, कागदच यांच्यापुढे ठेवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाले, पाण्याचा बोभाटा झाला होता, दादाचे टँकर कोणी घेत नव्हतं. तुझ्या हातचं घेतात, ते बघून टँकरही पुन्हा जायला लागले. मी नुसत्या ओठांनी विचारलं, आणि मी? मी तेच पिते ना. तर म्हणाले, तुला बाहेरचं पाणी कधी चाललंच नाही, त्याला मी काय करू. आणि बाटलीचं बूच काढून माझ्यासमोर प्यायले.

एकोणीस वर्षं यांच्यासाठी सोमवार धरले.

गुरुवार, १५ मे

आवाज गेला. बोट घालून पाहिलं. जिभेच्या मुळाशी खरखरीत — ओळीने — नखाला धागे आले.

बायका आल्या. हातांनी नको नको केलं, घागर उपडी केली. त्यांना वाटलं मी मौन धरलंय. पाया पडल्या. भावोजींनी दुसरी घागर भरून दिली.

शुक्रवार, १६ मे

गळती काढली. भावोजींनी परत लावली. हे म्हणाले, आता तू आराम कर. दाराला बाहेरून कडी —

शनिवार, १७ मे, दुपार

दुर्गाबाई, ही वही तुमच्यासाठी. खिडकीतून तुमच्या ओट्यावर टाकते. माझं मौन नाही. मला बोलता येत नाही. तीर्थ ओतलं त्या टाक्या कोरड्या करा, उन्हात — टँकर घेऊ नका — लोणी काळभोरला शेततळ्यावर भावोजींची टँकरची गाडी गेली आहे, खिडकीतून ऐकलं, तिकडे कळवा — मला माहीत नव्हतं. तुम्ही माझ्या सोवळ्यावर —

कडी वाजली. हे आले. हातात पेला. लग्न झाल्यापासून स्वतः उठून मला कधी पाणी दिलं नव्हतं. म्हणतात, किती लिहिशील, घसा कोरडा पडला असेल, पी. एक हात माझ्या हनुवटीला —