साडेपाचच्या गेटसमोर उभी गाडी

आई,

आधीच सांगते, हे गाडीचं रडगाणं आहे. तुला चारचाकीत बसायला कधी मिळालं नाही. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे पप्पांची लुना होती आणि चढ आला की तीही ढकलायला लागायची. पण गाड्यांच्या पोटातल्या वायरी तुझ्या हातून किती गेल्या असतील, त्याला गणती नाही. भोसरीच्या त्या कंपनीत मोठ्या फळीवर खिळे मारलेले असायचे. तू त्यांच्यातून रंगीत वायरी ओढायचीस, जुडी बांधायचीस, वरून टेप गुंडाळायचीस. ती जुडी पुढे कुठल्या गाडीत जाते, ती गाडी लाल की पांढरी, हे तुम्हा बायकांना कुणी कधी दाखवलं नाही. म्हणून म्हटलं, हे तुलाच सांगावं. बाकी कुणाला सांगायला गेलं की एकच उत्तर मिळतं, "ताई, गाडी काढून टाक ना." सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं.

पप्पांना विसर पडायला लागला त्याला बरीच वर्षं झाली. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग माणसं. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. मात्र तुझी सुट्टी व्हायची वेळ ते विसरत नव्हते. पाच वाजत आले की उठायचे, भांग पाडायचे, सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावायचे आणि दारात उभे राहून म्हणायचे, "चल, साडेपाचला सुटेल ती. गेटवर एकटी उभी राहील." पहिल्यांदा मी खरं सांगितलं. म्हटलं, पप्पा, आई जाऊन किती वर्षं झाली. त्यांचा चेहरा काय झाला म्हणून सांगू! त्यांना ते आत्ताच कळत होतं गं. तू गेलीस त्या दिवशी रडले नसतील तेवढे त्या संध्याकाळी रडले, आणि दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा भांग पाडून दारात. त्यानंतर मी खरं बोलायचं बंद केलं. बुद्धांच्या तसबिरीखाली तुझा फोटो आहे, त्याचा हारही काढून ठेवला.

एकदा मला निघोज्याहून यायला उशीर झाला. मी तिथे एका कंपनीत स्टोअरला आहे, पहिल्या शिफ्टला, चारपर्यंत कंपनीच्या बसने घरी येते. त्या दिवशी बस अडकली आणि पप्पा एकटेच निघाले. खाली राहणाऱ्या मावशी, मूळच्या पिंपळे गुरवच्या, शेती होती त्यांची, त्याच दिवसभर पप्पांवर लक्ष ठेवतात. त्यांनीच त्यांना हाताला धरून आणलं. मला बघून त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "आगं, रुळाच्या कडंकडंनं चालला व्हता म्हातारा! म्हन्लं कुटं, तर म्हनतो भोसरीला, मंडळीला आनाया. आमी बघितलं न्हाई तर काय झालं असतं गं?" काय झालं असतं ते मला माहीत होतं. दापोडीत लहानाची मोठी झालेय मी, रुळांवर काय काय होतं ते लहानपणापासून ऐकत आलेय.

तेव्हापासून मी त्यांना रोज गाडीत घालून तुझ्या कंपनीच्या गेटसमोर नेते. कंपनीची पाटी बदलली, रंग बदलला, पण गेट तेच आहे. साडेपाचला बायका बाहेर पडतात. हातात डब्याची पिशवी, तोंडाला स्कार्फ, एकमेकींना हाका मारत, हसत. पप्पा काचेला नाक लावून एकेकीचा चेहरा बघतात. गर्दी पांगली की म्हणतात, "दिसली नाही." मी म्हणते, ओव्हरटाइम असेल, पप्पा. "असेल. दिवाळी आली की लावतात ओव्हरटाइम." बाहेर मे महिन्याचं ऊन! मग ते शांत होतात आणि परतीच्या वाटेवर झोपतात. रात्र निवांत जाते. हे एवढं केलं की माझा बाप रुळावर जात नाही, म्हणून मी ते करत होते.

तिथे गाडी उभी करून बसायचं म्हणजे एसी लागतोच. पप्पांना आता ऊन सोसत नाही, दम लागतो, डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. एकदा रिक्षाने नेऊन पाहिलं होतं, तर गेटवरच भोवळ आली. आणि नेमका या उन्हाळ्यात गाडीने दगा दिला. चालती असली की गार हवा, सिग्नलला थांबली की कोमट. नाशिक फाट्याला एका संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलो, तर इंजिनाच्या तापमानाचा काटा लालच्या दिशेने सरकायला लागला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हिटर पूर्ण सोडला. हिटर लावला की इंजिनातली गरमी थोडी आत ओढली जाते, एवढं मला ठाऊक होतं. इंजिन वाचवायचं की बापाला, अशी वेळ आली होती. इंजिन उकळून गाडी तिथेच बंद पडली असती तर दोघंही उन्हात उभे राहिलो असतो. पप्पा घामाने निथळत होते. म्हणाले, "उन्हाळ्यात हिटर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? थांब, तुझ्या आईला सांगतो." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. मी म्हटलं, सांगा, नक्की सांगा.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेजवाला आहे. पोरगा चांगला आहे, "जयभीम ताई" म्हणून स्टूल पुढे करतो. पण उन्हाळ्यात एसीची गाडी आली की सगळ्यांचं एकच ठरलेलं असतं, गॅस. "गॅस कमी झालाय, ताई." भरला गॅस. गाडी चालती ठेवून हवा दाखवली, बर्फासारखी. मी खूश. घरी येऊन दारात उभी केली तर पुन्हा कोमट. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! अगं, गाडी पळताना समोरून वारा लागतो, म्हणून गार राहते. उभी राहिली की रेडिएटरपुढच्या पंख्याने वारा ओढायचा असतो. एसी लावून मी बॉनेट उघडलं, तर पंखा ढिम्म. परत गेले. तो म्हणाला, "मग फॅन डायरेक्ट करून देतो. बॅटरीवरून वायर मारतो, आत बटण देतो. सगळ्या जुन्या गाड्यांना करतो आपण, टेन्शनच नको." मी नाही म्हटलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की बाईमाणसाला काय कळतंय.

पण मी कुणाची मुलगी! आठवतं का तुला, मिक्सरची वायर तुटली होती आणि मी शहाणपणा करून ती दाताने सोलत बसले होते. तू ओट्याजवळ भाकऱ्या थापत होतीस. पिठाच्या हाताने पाठीत असा धपाटा दिलास की फ्रॉकवर पंजा उमटला. "दाताने वायर सोलतेस? आणि मग काय, नुसता पीळ मारून लावणार? आपल्याबरोबर दुसऱ्याच्याही घराला आग लावायची आहे का?" भाकरी करपली, तरी तू खाली बसलीस. वायर कापून, नीट जोडून, टेप कशी लावायची ते दाखवलंस. ताणून गुंडाळायची, पण शेवटचा वेढा ढिला सोडायचा, नाहीतर टेप उलगडते. मग मला दहावीला बरे मार्क पडले तेव्हा तू स्कूटरच्या जुन्या बल्बला दोन लांब वायरी लावून तपासायचा दिवा करून दिलास. पोरींना कानातलं मिळतं, मला बल्ब! मी आठवडाभर फुगले होते. तू म्हणालीस, "करंट आला म्हणजे झालं नाही. त्याला परत जायला वाट लागते. बहुतेक वेळा तीच तुटलेली असते आणि लोक भलतीकडे शोधत बसतात." बस, एवढंच. तुम्हा बायकांना सुट्टीत बोलायला वेळ नसायचा आणि घरी त्राण नसायचं. जे बोललीस ते माझ्याजवळ राहिलं.

तरी मला वेळ मिळेपर्यंत रविवार उजाडला. मधले दिवस पप्पांना कुठे नेता आलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी दाराची कडी वाजवून वाजवून जीव नकोसा केला. मी सामान आणायला खाली गेले तेवढ्यापुरतं मावशींनी बाहेरून कुलूप लावलं आणि त्याही रडल्या. म्हणाल्या, "मानसाला असं कोंडायचं म्हंजी जिवावर येतंय गं." दुसऱ्या दिवशी ते पलंगावर बसून भिंतीशी बोलले. पुढे पुढे गप्प झाले. मला वाटलं, बरं झालं, सवय झाली.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मी बॉनेट उघडलं. फ्यूज बरोबर. पंख्याला करंट सोडणारा रिले काढून तिथे हॉर्नचा लावून बघितला, तेच. पंख्याला बॅटरीवरून थेट वायर लावली तर भिंगरीसारखा फिरला, म्हणजे मोटार शाबूत. मग तुझा दिवा काढला. एक टोक पंख्याच्या प्लगमध्ये, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. पेटला. करंट येतोय. दोन्ही टोकं प्लगमध्येच घातली, तर नाही पेटला. मी मोठ्याने हसले गं, एकटीच, रस्त्यावर. परत जायची वाट तुटलेली! ती परतीची, म्हणजे अर्थची वायर शोधत गेले तर डाव्या हेडलाइटजवळ बोल्टाने पत्र्याला बसवलेली. मागे एका टेम्पोने कासारवाडीत तिथेच ठोकलं होतं. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने पत्रा सरळ केला, छान चकचकीत रंग मारला आणि त्या रंगावरच अर्थची वायर आवळून दिली. रंगातून कसला अर्थ मिळतोय? थंडीत कशीबशी पुरली असेल, उन्हाळ्यात बसली. पॉलिश पेपरने तो रंग खरवडला, लखलखीत पत्रा लागेपर्यंत, आणि बोल्ट आवळला. एसी लावला आणि पंखा घूं करून सुरू झाला. गाडी कितीतरी वेळ उभी ठेवली. हवा गार, काटा मध्यावर. माझा जीव भांड्यात पडला. काळ्या हातांनीच वर धावत गेले. म्हटलं, पप्पा, गाडी झाली! उद्या जायचं! ते म्हणाले, "कुठे?" मला वाटलं, सकाळची वेळ आहे, म्हणून असेल.

सोमवारी पाच वाजले. ते उठले नाहीत. भांग पाडला नाही. मी वाट बघत बसले. सव्वापाच झाले. शेवटी मीच त्यांचे केस विंचरले, गुंडी लावली आणि त्यांना गाडीत बसवलं. गेटसमोर उभे राहिलो. बाहेर अंग भाजत होतं, आत अशी गार हवा की पप्पांनी हात पोटाशी घेतले. बायका बाहेर पडायला लागल्या. ते काचेतून बघत नव्हते. समोर एसीच्या जाळीवर ते बोट पुढे-मागे फिरवत होते. मी म्हटलं, पप्पा, सुटली बघा कंपनी. तर माझ्याकडे वळून अगदी अदबीने, परक्या बाईशी बोलावं तसं, म्हणाले, "आपण कुणासाठी थांबलोय?"

आई, इतकी वर्षं मला वाटत होतं की हा त्रास आहे. हे रोजचं गेट, हे रोजचं खोटं. कधी सुटणार यातून, असं मनात शंभरदा म्हटलं असेल. आणि सुटले तेव्हा पायाखालची जमीन सरकली. तू अजून साडेपाचला सुटतेस, असं मानणारा जगात एकच माणूस होता. डॉक्टर म्हणतात, हे होणारच होतं, गाडीचा संबंध नाही. नसेल. पण मधले ते दिवस पंखा बंद होता आणि आपण गेलो नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही. त्या पोराकडून डायरेक्ट करून घेतला असता तर? तुझी शिकवण धरून बसले मी. पण तुझ्याशी भांडायला तरी कुठे येऊ? हा कागद पाकिटात घालून त्यावर काय लिहू?

आता पप्पा संध्याकाळी शांत असतात. रुळाकडे जात नाहीत, दाराची कडीही वाजवत नाहीत. मावशी म्हणतात, "आता कशाला नेतीस बाई, त्यांला काय कळतंय? डिझेल जळतंय फुकट." मी काहीबाही सांगते, हवा खायला, गाडी बंद पडू नये म्हणून. आजही गेलो होतो. गर्दी पांगली, वॉचमनने गेट निम्मं लावलं, आणि पप्पा कंटाळून म्हणाले, "चला आता घरी."

मी म्हटलं, थांबा ना जरा. अजून आत कुणीतरी आहे.